आमचं लष्करी इंजिन चाललं

मंडळी, आज अगदी दमलोय.

कुंभकोणम स्टेशनाजवळ उघड्यावर उभं असलेलं जुनं वाफेचं इंजिन तुम्ही पाहिलं असेल. महायुद्धात लष्करासाठी बोटीनं आलेलं, युद्ध संपल्यावर आमच्या मीटरगेजवर गाड्या ओढलेलं.

दर रविवारी मी आणि शेजारच्या रुक्मिणीअक्का त्याचा गंज खरवडतो. अक्कांचे वडील त्यावर ड्रायव्हर होते. वर एक छप्पर घाला, एवढंच आम्ही रेल्वेकडे कित्येक वर्षं मागतोय.

आज रेल्वेचे एक अधिकारी आले. म्हणाले, "छप्पर काही होणार नाही. इंजिन चेन्नईला संग्रहालयात नेतोय."

मी भांडायला उठलो. अक्कांनी हात धरला. "जाऊ दे रे. तिथं भिजणार तरी नाही."

मग त्यांनी चाकावर डोकं टेकवलं.

इंजिन वाचलं. मग हरल्यासारखं का वाटतंय, सांगाल?