मिरजेच्या फलाटावरचा नळ

मंडळी, लग्नानंतर पहिल्यांदाच माहेरी आलेल्या लेकीला आज सकाळी हुबळीच्या विमानतळावर सोडलं. विमान उडाल्यावर मी निघाले, धारवाडात सुभाष रोडवर भाजी घेतली, घरी येऊन चहा टाकतेय तोवर ती मुंबईत उतरलीसुद्धा! सव्वा तास फक्त.

मला माझी अक्का आठवली. सत्तरच्या दशकात तीही लग्न होऊन मुंबईला गेली. तेव्हा धारवाडहून अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीनं मिरजेपर्यंत जायचं आणि तिथं रुंद रुळांवरची मुंबईची मोठी गाडी धरायची. तुमच्यापैकी कुणी बदललीय का हो अशी गाडी?

एकदा सोबतीला मी होते. मिरज येईपर्यंत अक्का खिडकीकडे तोंड करून रडत होती. उतरल्यावर तिनं फलाटावरच्या नळावर तोंड धुतलं, कुंकू नीट केलं आणि मला म्हणाली, "रडायचं ते इथवर. आता पुढं सासर."

मोठ्या गाडीत चढली ती हसतच.

आज लेकीचा फोन आला. "आई, पोचले," एवढंच म्हणाली आणि हुंदके द्यायला लागली. बाहेर सासरे न्यायला येऊन थांबले होते.

मी म्हटलं, "थांब. आधी तिथं एखादा नळ शोध."