शेवटचं पान आमच्या भिंतीवर

तांदळाचं पीठ पाण्यात कालवलं की त्या वासाने मला शाळेतलं अस्वलाच्या हरवलेल्या पिल्लाचं पुस्तक आठवतं. त्याचं शेवटचं पान आमच्या बकरीने खाल्लं होतं. "पिल्लू घरी पोचलं का?" म्हणत धाकटी बहीण जेवेना. आईला अक्षरओळख नव्हती. "रडू नको, मी पोचवते त्याला," म्हणत तिने तांदळाच्या पिठात बुडवलेल्या बांबूच्या काडीने कुडाच्या भिंतीवर पांढरं पिल्लू काढलं आणि त्याच्यासमोर आमचंच घर. बहीण मुकाट जेवायला बसली. मग पाड्यातली पोरं पुस्तक वाचून आमच्याकडे यायची. "पान तुमची बकरी खाते, उन्हातून आम्ही यायचं," म्हणायची आणि भिंतीसमोर बसायची. पदवी घेणारी घरातली मी पहिली. मुलीला अख्खी पुस्तकं आणते, तरी गोष्ट संपली की ती माझ्या आईला विचारते, "आजी, आता भिंतीवर?"