चार पेनड्राइव्ह आणि आमोण्याची ताई

मित्रांनो, आज सकाळी जे घडलं ते लिहितो.

वडिलांच्या वहीतल्या घुमट आरत्या, म्हणजे घुमट या मातीच्या वाद्याच्या तालावर म्हणायच्या आरत्या, मी दोन वर्षं एका बोटाने कॉम्प्युटरवर उतरवल्या. पुढे वही वाळवीने खाल्ली. तेव्हापासून धास्ती, म्हणून चार पेनड्राइव्ह भरले. एक देव्हाऱ्यात, एक तांदळाच्या डब्यात, एक मुळगावला मेव्हण्याकडे, एक आमोण्याला ताईकडे.

आज कॉम्प्युटरची डिस्क जळली. दुरुस्तीवाल्याने हात टेकले. मी ऐटीत तांदळातला पेनड्राइव्ह सुनेच्या लॅपटॉपला लावला.

"बाबा, ही फाइल नव्हे. नुसता शॉर्टकट आहे, फाइलकडे जायचा बाण. आरत्या जळक्या डिस्कवरच राहिल्या."

देव्हाऱ्यातही बाणच. उरलेले दोनही मीच तसेच भरलेले.

रडवेला होऊन ताईला फोन केला, तर ती हसायलाच लागली. "बाबू, त्यो आरत्यो म्हाका तोंडपाठ आसात मरे! बापायच्या मांडयेर बसून शिकलें हांव." आणि फोनवरच तिने पहिली आरती न चुकता म्हटली.

जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. ताई अठ्ठ्याहत्तर वर्षांची, आणि आता आरत्यांची तीच एक प्रत उरलीय!

उद्या पहिल्या बसने कोरी वही घेऊन ताईकडे निघतोय. तुमच्या घरात अशी एकुलती एक प्रत कोण आहे?