वेंडेलिन काकांच्या पायाखालची वाट

वेंडेलिन काकांनी चहा कपाबाहेर ओतला आणि यर्मिलाने तो मुकाट्याने पुसला. आठवड्यातली ही तिसरी वेळ. तात्रा पर्वतातल्या शिखराखालचं ते दगडी विश्रामघर चालवायला घेऊन तिला दोन वर्षं झाली होती. काका मात्र एकोणचाळीस वर्षं पाठीवरून तिथे सामान चढवत होते. पीठ, बटाटे, बिअरची पिंपं, एकदा तर अख्खी लोखंडी शेगडी. लग्नाच्या दिवशी त्यांनी बायकोलाही पाठीवरच्या लाकडी चौकटीवर बसवून वर आणलं होतं आणि "मला बटाट्याच्या पोत्यासारखं नेलं," हे हेलेनाने त्यांना जन्मभर ऐकवलं. असा हा माणूस, आणि आता त्याची नजर जात चालली होती. काकांना घरी बसायला सांगायचं, हे यर्मिलाने ठरवून टाकलं होतं. सांगायला जीभ रेटत नव्हती.

त्यात विश्रामघरात उतरलेला हा राडो. भर हिवाळ्यात शिखर गाठायची हौस दांडगी. गाठलंही पठ्ठ्याने, पण वर फोटो काढताना हातमोजा वाऱ्यावर सोडून आला. रात्रभर वादळ झालं आणि सकाळी त्याची चार बोटं काळीनिळी पडली होती. हेलिकॉप्टर उडणार नव्हतं. जंगलाच्या कडेपर्यंत तुम्ही उतरा, तिथून आम्ही नेतो, असं बचावपथकाने वायरलेसवर कळवलं. आज दवाखाना गाठला नाही तर बोटं जाणार, हे राडोलाही कळत होतं.

बाहेर आभाळ कुठे संपतं आणि बर्फ कुठे सुरू होतो, काही कळत नव्हतं. वाटेकडेचे खांब टोकापर्यंत गाडले गेले होते.

"मी पुढे होते," यर्मिला म्हणाली.

"तू? मागच्या वर्षी वाट सोडून तळ्यात उतरली होतीस. तू आपलं कोबीचं सूप कर."

"पण काका, तुम्हाला..."

"दिसत नाही. माहीत आहे मला. तुला दिसतंय काही?"

तिने धुक्याकडे पाहिलं आणि निमूट दोर कमरेला बांधला.

काका पुढे, मध्ये राडो, मागे ती. काका काठी डावीकडे खुपसत, ती मुठीपर्यंत आत जाई. उजवीकडेही तेच. मग मध्ये खुपसली की मांडीभर खाली ठक्क करून अडे. "इथे," काका म्हणत आणि पाऊल टाकत. यर्मिलाचा पाय एकदा वीतभर बाहेर पडला, तर ती कमरेपर्यंत आत गेली. खाली सरळ दरी होती. काकांनी दोर ओढून तिला वर घेतलं.

"नीट चाल. वाट माझ्यासारखीच वाकडी आहे." थोडं पुढे गेल्यावर ते म्हणाले, "इथे रुंद आहे, टेका जरा. इथे मी दम खातो."

तिने काठी खुपसून पाहिली. चारी बाजूंना ठक्क. खरंच रुंद होती.

तेव्हा तिला उमगलं. नोव्हेंबरपासून एक दिवसाआड हा म्हातारा पाठीवर ऐंशी किलो घेऊन चढला होता, आणि दर खेपेला त्याच्या पायांनी बर्फ दाबून घट्ट केला होता. वरचं सगळं वादळाने पुसलं, पण खाली त्याचा अख्खा हिवाळा जसाच्या तसा होता आणि ते तिघं त्यावर उभे होते. तिने छातीवर क्रूसाची खूण केली. एरवी ती चर्चलाही जात नसे.

दोन तासांत काकांचा पाय एकदाही चुकला नाही. जंगलाच्या कडेला पथकातल्या डॉक्टरने बोटं पाहिली, "वेळेत आणलंत," म्हणाला आणि राडोला घेऊन स्लेज निघाली.

ओंडक्यावर बसून काका खायला चाकूने डुकराची खारवलेली चरबी कापू लागले. यर्मिलाने एकदाचं बोलून टाकलं.

"काका, उद्यापासून ओझं नको."

"डोळ्यांमुळे?"

"हो."

त्यांनी चरबीचा आणखी एक काप काढला. तिला रडू येत होतं.

"पण वाट तुडवायला या. दर बर्फानंतर. मोकळ्या पाठीने."

"मोकळ्या पाठीने!" काका ठसका लागेपर्यंत हसले. "अगं, तशी वाट झाली असती तर सशांनीच नसती का केली? ऐंशी किलो असतात म्हणून बर्फ खाली बसतो."

दोन तास त्याच ऐंशी किलोंवर तर ती चालली होती.

"चाळीस," ती शेवटी म्हणाली.

"साठ."

"चाळीसच. आणि तुमच्या मागून मी, उरलेले चाळीस घेऊन."

काकांनी तिच्या आवाजाच्या दिशेने चरबीचा तुकडा पुढे केला. "मग माझ्याच पावलावर पाऊल टाक, आणि दाबून टाक. पुढच्या वादळात मला त्याच्यावरूनच चालायचंय."