चिन्नोरवरचं झाकण

आमच्या घरात गुपित राखायचं काम माझ्याकडे आहे, कारण मी कमी बोलतो. (नववीत शाळा सोडली, ते घरी पंधरा दिवसांनी कळलं.)

मी हैदराबादला फरश्या बसवतो. सुटीत धानपट्ट्यातल्या गोरेगावजवळच्या आमच्या खेड्यात आलो, तर मायनं आत नेऊन हळूच सांगितलं, "उद्या सुषमाले पाहाले पाहुणे येऊन राहिले. कोणाले सांगू नोको."

माझ्या बहिणीचं मागचं स्थळ गल्लीनंच मोडलं होतं. शेजारच्या शेवंताकाकीनं पाहुण्यांना वाटेतच गाठून 'पोरगी गुणाची, फक्त तोंडाची तिखट' एवढंच सांगितलं होतं. यावेळी मायनं वर्षभर जपलेला चिन्नोर काढला. आमच्या शेताच्या एकाच बांधीत पिकणारा हा वासाचा तांदूळ बाबांनाही सणालाच मिळतो.

मी तोंड शिवून घेतलं. पानठेल्यावरसुद्धा गेलो नाही.

घरचे सगळे बाजाराला गेले. मी घरात एकटा, सोबत काळजी. तांदूळ वर्षभराचा, वास उडाला असला तर? म्हणून मूठभर शिजवला आणि खात्री करायला झाकण काढलं.

वास होता.

कुंपणावरून शेवंताकाकीचं डोकं वर आलं. "काऊन रे, चिन्नोर शिजवून राहिला? सुषमाले पाहाले कोणी येऊन राहिलं का?"

"नाही काकी, साधाच भात आहे."

"साधा? मंग माह्या नाकाले का झालं?"

वास दाबायला मी तव्यावर सुकट टाकली. (घाबरल्यावर माझं डोकं फार वेगानं चालतं, कुठे ते विचारू नका.) पाच मिनिटांत काकीचा नवरा अंगणात. "चिन्नोर अन् सुकट? म्हंजे पाहुणे मासोळी खाणारे हायेत."

"काका, मी एकटाच खाऊन राहिलो."

"एकट्यासाठी चिन्नोर? मंग तूच पोरगी पाहून आला का तिकडे?"

मी गप्प राहिलो. कमी बोलतो ना. गल्लीनं त्याचा अर्थ 'हो' असा घेतला.

माय बसमधून उतरली तेव्हा बाया तिला विचारत होत्या, दोघांचंही एकाच मांडवात करता का. घरी येऊन तिनं पातेल्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुले तोंड बंद ठेवाले सांगलं होतं. भातावर झाकण ठेव म्हणून येगळं सांगाव लागते का?"

दुसऱ्या दिवशी सगळी गल्ली दारात हजर. शेवंताकाकी तर लोणचं घेऊन थेट वाढायलाच बसली आणि सुषमाची तारीफ अशी केली की सुषमालाच संशय आला. पण भाताच्या पहिल्या घासाला मुलाच्या आईनं डोळे मिटले. स्थळ जमलं. त्या घासाचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही. नाहीतर मला गावात पाय ठेवायची सोय नव्हती.

निघताना मायनं उरलेल्या चिन्नोरची पुरचुंडी हातात ठेवली. "तुह्या लग्नापर्यंत जप. कोणाले सांगू नोको."

मी ती पेटीत, जुन्या कपड्यांच्या तळाशी ठेवली. हैदराबादच्या खोलीतल्या पोरांना पत्ता लागू दिला नाही. झाकण तर कधीच उघडलं नाही.

परवा उघडलं. गुपित शाबूत आहे. तांदूळ सोंडकिड्यांनी संपवलाय, आणि तेसुद्धा इतके दिवस कोणाला काही बोलले नव्हते.