लोटूचा गुळावरचा भरवसा

आमचा लोटू खानदेशातून सुरतेजवळच्या भेस्तानला आला आणि गारगोटी दळणाऱ्या कारखान्यात पोती भरू लागला. पूड पिठाहून बारीक. पोतं भरताना समोरचा माणूस दिसत नसे.

धूळ ओढणारा पंखा बसवणं शेठला परवडत नव्हतं. गूळ परवडत होता. पाळी सुटली की तो प्रत्येकाच्या हातावर एक खडा ठेवायचा. "खाओ, धूळ पोटातून निघून जाते." इतकं स्वस्त यंत्र दुसरीकडे कुठे मिळणार? त्या भरवशावर लोटू नाकाला रुमालसुद्धा बांधत नसे.

यंदा त्याला जिना चढवेना. बायको प्रमिलाबाई त्याला दवाखान्यात घेऊन गेली. छातीचा फोटो पाहून डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काका, गूळ जातो पोटात. धूळ बसलीय फुफ्फुसात, ती आता निघायची नाही. आणखी धूळ आत जायला नको असेल तर हे काम सोडा."

लोटूने बराच विचार केला. "शेठ हलका गूळ देतो, बाई. कामरेजचा अस्सल गूळ असता तर ही वेळ आली नसती."

दुसऱ्या सकाळी तो डबा घेऊन निघाला. प्रमिलाबाई दारात आडवी उभी राहिली.

"कुठे निघालात?"

"कामावर. शेठ काय म्हणेल?"

"त्याला म्हणावं, आता पोती तू भर. गूळ मी पाठवते."

तिला गप्प करायला लोटूने आवाज चढवला, पण दोन शब्दांतच त्याला धाप लागली. श्वास जागेवर येईपर्यंत तिने वाट पाहिली. मग तो खाली बसला, डबा उघडला आणि सकाळी सातलाच दुपारचं जेवला.