कुटुंबाचा गट

आमच्या बेटावरच्या आरोग्य केंद्रातले आणि गावच्या कचेरीतले कॉम्प्युटर एकाच सर्व्हरला जोडले ते मातालेनाने. अंगाने आडवी, हसली की टेबल हलायचं. कोणाला कुठलं फोल्डर उघडता यावं हे तीच ठरवायची. चर्चचे कार्यक्रम, मयताला आहेर म्हणून द्यायच्या चटया यांसाठी तिने 'कुटुंब' असा गट केला होता. आम्ही तिघी नर्स तिच्या चुलतबहिणीच. म्हणून घरात मार खाऊन आलेल्या बायकांच्या फोल्डरला तीन नावं घालण्याऐवजी तिने तो गटच जोडून टाकला.

कचेरीत कारकून असलेला तिचा थोरला भाऊ फिलिपोही त्याच गटात होता.

फिलिपोने बायकोचा, पेनिनाचा, जबडा मोडला. तिला पलीकडच्या गावी तिच्या मावशीकडे लपवल्याचं मी फाइलमध्ये लिहिलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मातालेना स्क्रीनकडे बघत ताडकन उठली. "अगं, पेनिनाची फाइल फिलिपोने उघडलीय!"

"त्याला कशी उघडता आली?"

"मीच परवानगी दिली की! गटात तोही आहे ना!"

पिकअप घेऊन सुटलो. आमच्याकडच्या घरांना भिंती नसतात, रस्त्यावरूनच दिसलं. मावशी डोकं फुटून खांबाशी पडलेली. फिलिपो पेनिनाला केसांना धरून फरफटवत होता, दुसऱ्या हातात कोयता.

"ये, ये!" तो ओरडला. "तुझ्याच मशिनीने पत्ता दिला!"

आमच्यात भाऊ बहिणीवर हात उचलत नाही. त्याच भरवशावर मातालेना मध्ये शिरली. त्याने उचलला. कोयता तिच्या उजव्या हातात हाडापर्यंत रुतला. ती तशीच सगळ्या वजनानिशी त्याच्यावर कोसळली आणि गुडघा त्याच्या मानेवर रोवून बसली. कोयता मी ओढून घेतला. माणसं त्याला बांधायला दोर घेऊन आली तेव्हा फिलिपोचं तोंड निळं पडलं होतं, पण श्वास चालू होता.

इस्पितळात घरातले वडीलधारे, तुइला काका मातालेनाच्या खाटेशी आले. "पोरी, कोयता तुझ्याच हातून निसटला, असं पोलिसांना सांग. घरातलं घरात राहू दे."

"घरातलं घरात होतं, म्हणून तर हे झालं, काका. तुम्ही बाहेर व्हा."

ते तिच्या पायाशी थुंकून गेले.

मातालेनाने लॅपटॉप मागवला आणि डाव्या हाताने तो गट फोल्डरमधून काढून टाकला. शेजारच्या खाटेवर पेनिना होती, जबडा तारेने बांधलेला.

"तुझी फाइल कोणी बघायची?"

पेनिनाने माझ्याकडे बोट केलं. मातालेनाने बाकी दोघी नर्सांची नावं घेतली तेव्हा तिने नकारार्थी मान हलवली. त्यातली एक माझी सख्खी बहीण.

"ती कुणाला सांगणार नाही गं," मी म्हटलं.

पेनिनाने परत नकारार्थी मान हलवली. मातालेनाने एकच नाव घातलं.